गुणाजी परबाची भाजावळ

कांदिवलीला, पोईसर नदीच्या अलीकडे, गुणाजी परबाचं बैठं घर होतं. घरापेक्षा त्या घराची कुलपं जास्त प्रसिद्ध होती. पुढच्या दाराला एक, मागच्या दाराला एक, व्हरांड्याच्या लोखंडी जाळीला एक, आणि संडासातल्या टमरेलाला चक्क साखळी. चाव्यांचा जुडगा करगोट्याला बांधलेला. आंघोळीला बसला तरी तो कमरेलाच असायचा, त्यामुळे परबांच्या न्हाणीघरातून पाण्याच्या आवाजाबरोबर चाव्यांचाही आवाज यायचा.

सकाळी भय्या दूध घालायला आला की गुणाजी त्याच्यासमोर दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरी, तो ओघळतो की ठरतो ते बघत राही. भय्या बिचारा तेवढा वेळ खांद्यावर कावड घेऊन उभा. बायको मालन आतून म्हणायची, "रोज नखार धरतास आणि रोज तेचाच दूध पितास. मगे कित्या धरूचा?" गुणाजी नख पुसून आत यायचा. पण धरायचं थांबलं नाही.

गुणाजी आधी गिरणीत कामाला होता. संप झाला, गिरणीचं दार लागलं ते लागलंच, आणि त्याला कांदिवलीतल्याच एका औषधांच्या कंपनीत वॉचमनची नोकरी मिळाली. देवाने माणूस बघून काम द्यावं तसं झालं. पाळी सुटली की कामगार हात वर करून रांगेत उभे राहायचे आणि गुणाजी एकेकाची झडती घ्यायचा. डबा उघड, पिशवी उलटी कर, चपला झटक. कोणी म्हणालं, साहेबांनी तोंडी परवानगी दिलीय, तर गुणाजीचं एकच वाक्य ठरलेलं: "लिवन दी." पोरं पाठीमागे त्याला 'लिवनदी' म्हणूनच हाक मारत.

हा संशय काही त्याने मुंबईत येऊन जोडलेला नव्हता, गावाहून येतानाच बरोबर आणला होता. गुणाजी लहान असताना त्याच्या चुलत्याने दोन घरांमधल्या बांधावर काजूची रोपं लावली. पोरांना काजू खायला होतील, म्हणाला. गुणाजीच्या भोळ्या बापाने मान डोलावली. काजू वाढले, त्यांच्या सावलीत चुलत्याचा गोठा आला, आणि गोठ्यामागून सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव आलं. बापाचं उरलेलं आयुष्य मालवणच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं. बांधावरचं झाड हे झाड नसतं, कोणाचं तरी पुढे टाकलेलं पाऊल असतं, एवढं एकच शहाणपण तो मुलाला देऊन गेला.

अशा या माणसाने आयुष्यात एक काम मात्र तोंडी केलं होतं. धाकटी बहीण प्रेमा विधवा झाली, तिची एकुलती लेक लग्न होऊन कणकवलीला गेलेली, तेव्हा गुणाजीनेच तिला आणलं. परसातली लाकूडफाट्याची खोली रिकामी केली, चुना मारला आणि म्हणाला, "पेमे, ह्या तुजा घर समज." कागद नाही, साक्षीदार नाही. त्याने लिहून दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. भावाकडे कोण कागद मागतं?

प्रेमाने एक बकरी पाळली. बिजली तिचं नाव. आसपासच्या घरांत तान्ह्या पोरांना बिजलीचं दूध जायचं आणि त्यावर प्रेमाचं पोट चालायचं. संपाच्या पावसाळ्यात वनमहोत्सवाचा ट्रक आला आणि फुकट रोपं वाटून गेला. त्यातली सुबाभळीची दोन रोपं प्रेमाने आणून आपल्या दाराशी लावली. "दादा, ह्येचो पालो बकरेक बरो. दूध वाढता," ती म्हणाली. गुणाजी तेव्हा संपाच्या काळजीत होता, त्याने 'हां' म्हटलं. नंतर मान वर करून बघितलं तर सुबाभूळ कौलांच्या वर गेली होती.

त्या झाडाला सरकार कल्पवृक्ष म्हणत होतं. गुणाजीने त्याला ठेवलेली नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्याच्या चपट्या तपकिरी शेंगा उन्हात तडकायच्या आणि बिया परसभर उडायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गुणाजीच्या भाजीच्या वाफ्यात सुबाभळीची पिलावळ उभी राहिली. आणि तो वाफा म्हणजे गुणाजीचा जीव. गणपतीवर जी लाकडी चौकटीची माटवी बांधतात, तिला टांगायची तवशी (मोठ्या काकड्या), दोडकी, पडवळं तो बाजारातून कधीच आणत नसे. देवाच्या डोक्यावर आपल्याच मातीतलं टांगायचं, हा परबांचा रिवाज. त्या वर्षी वेलांना ऊन मिळालं नाही आणि माटवीला अंगठ्याएवढी दोडकी लागली. मालनने ती सुपारीच्या झुबक्यामागे लपवली.

मग गुणाजीने कोयता काढला. वाफ्यातला एक बुंधा तोडला तर त्याला चार फुटवे आले. ते तोडले तर डझनभर. पहार घेऊन खणायला गेला तर मूळ पाताळाकडे निघालेलं, आणि वाकलेली कंबर आठवडाभर सरळ होईना. कोणी म्हणालं मीठ घाल. घातलं. कोणी म्हणालं रॉकेल ओत. ओतलं, आणि त्या महिन्यात स्टोव्हला रॉकेल पुरलं नाही म्हणून मालनने त्याला दोन दिवस थंड पोळ्या वाढल्या. शेवटी गावचा जालीम उपाय. गिरमिटाने बुंध्याला भोकं पाडून त्याने घरातली हिंगाची अख्खी डबी आत ठासली आणि वर शेण लिंपलं. मालन फोडणीला बसली आणि डबी रिकामी. "झाडाचा मरण बगतास की माझा?" ती ओरडली. पण हिंगाने म्हणा की मिठाने म्हणा, जुने बुंधे हळूहळू वाळले. आता राहिली मातीतली बी.

त्याचाही उपाय गुणाजीला ठाऊक होता. कोकणात भाताच्या रोपांचा तरवा पेरण्याआधी जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळं पसरून पेटवायची, म्हणजे मातीतली तणाची बी जळून जाते आणि वर पेरलेलं भात तेवढं उगवतं. याला म्हणतात भाजावळ. गुणाजीने वैशाखात तोडलेल्या सुबाभळीच्याच फांद्या, शेंगांसकट वाळलेल्या, वाफ्यावर पसरल्या, वर शेणाच्या गोवऱ्या रचल्या आणि काडी लावली. धूर सगळ्या आळीत गेला. गुणाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. त्याला बापाची आठवण झाली, आणि फार बरं वाटलं.

पाऊस पडला आणि वाफ्यात सुबाभूळ उगवली. एक नाही, दोन नाही, भाताचा तरवा उगवावा तशी दाट, हिरवीगार, एकसारखी. आणि गंमत अशी की भाजलेल्या चौकोनाबाहेर, जिथे गुणाजीने हातही लावला नव्हता, तिथे चार-दोन काड्या. आत मात्र रान. चौकोनाची कड दोरीने आखावी तशी सरळ.

गुणाजी उकिडवा बसून ते बघत राहिला. भाजलेल्या मातीत बी जिवंत राहत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे ही बी नंतर पडली. वाऱ्याने पडली असती तर बाहेरही पडली असती. म्हणजे ती कोणीतरी पेरली, आणि नेमकी आपण तयार केलेल्या जागेत पेरली. परसात येणारं माणूस एकच.

कंपनीच्या गेटवर चंद्रप्रकाश नावाचा दुसरा वॉचमन होता. हा माणूस फार बोलायचा आणि जे बोलायचा त्यात बहुधा कोर्ट असायचं. गुणाजीने त्याला सगळं सांगितलं. चंद्रप्रकाशने तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परब, तुझी वाट लागली यार. सीधी बात आहे. आज झाड लावतेय, उद्या बोलणार मी इतकी वर्षं इथे ऱ्हाते, झाडं माझी, जागा माझी. माझ्या साडूचं असंच झालं ना. तू भिंत घाल, भिंत."

गुणाजीच्या डोळ्यांसमोर काजू उभे राहिले.

त्याच संध्याकाळी तो प्रेमाच्या दारात गेला. ती बिजलीला पाला घालत होती.

"पेमे, वाफ्यात बी कोणी पेरलान?"

"कसली बी?"

"सोंगा नको. सुबाभळीची."

प्रेमाला आधी हसू आलं, पण भावाचा चेहरा बघून ते गेलं. "दादा, मी कित्या पेरू? ह्येची बी अशी पेरून लवकर रुजतच नाय. रोपा वाटूक इल्लो तो माणूस सांगत होतो, उकळत्या पाण्यात बुडवल्याबिगर ह्येका कोंब फुटणा नाय. कवच कठीण आसता म्हणान. मी काय पाणी उकळत बसलंय? माका बकरेपुढे येळ खय?"

गुणाजीला वाटलं, हिने आपल्याला अगदीच बावळट ठरवलं. उकळत्या पाण्यात घातलेली बी रुजते म्हणे! "भाजलेले चणे रुजतत काय गे?" तो कडाडला. "माका शिकवतंस? चुलत्याची पुतणी शोभतंस खरी!"

चुलत्याचं नाव त्या घरात शिवीसारखं होतं. प्रेमाने बिजलीचा दोर सोडला आणि आत गेली.

त्या दिवसापासून गुणाजी घरातही गेटवर असल्यासारखा वागू लागला. प्रेमा नळावर आली की तिच्या कळशीकडे बघ. तिने पदर खोचला की पदरात काय आहे ते बघ. संध्याकाळी वाफ्याभोवती चाळलेली राख पसरून ठेवायचा आणि सकाळी पाऊलखुणा शोधायचा. राखेत कधी मांजराची पावलं मिळाली, कधी कावळ्याची. एकदा माणसाची मिळाली. ती त्याची स्वतःचीच निघाली, पण तोवर अर्धी सकाळ गेली होती. प्रेमाची काही मिळेनात, तर याचा अर्थ त्याने असा लावला की ती फारच हुशार आहे.

पुढच्या वैशाखात त्याने दुप्पट भाजावळ केली. कंपनीतून लाकडी खोक्यांच्या फळ्या (गेटपास घेऊन, लिहून) आणल्या, शेंगा-फांद्यांचा ढीग कमरेएवढा रचला. भाजलेली थोडी माती कुंड्यांसाठी एका पोत्यात भरली, पोत्याचं तोंड स्वतः सुतळीने शिवलं आणि ते व्हरांड्यात जाळीआड ठेवलं. उरलेल्या वाफ्यात पाऊस पडताच गेल्या वर्षीच्या दुप्पट सुबाभूळ उगवली.

आता गुणाजीला शंका राहिली नाही. त्याने राजाराम गवंड्याला बोलावलं आणि परसाच्या मधोमध चुन्याची रेघ मारून घेतली. रेघेच्या या बाजूला घर, नळ आणि रस्त्याची वाट. त्या बाजूला प्रेमाची खोली आणि मागचा नाला. राजारामने रेघ बघितली, प्रेमाच्या खोलीकडे बघितलं. "पाण्याला कुठून जायचं ताईंनी?" गुणाजी म्हणाला, तो तिचा प्रश्न. विटा येऊन पडल्या. गणपती झाले, पाऊस उघडला, की भिंत.

मालन त्या दिवशी जेवली नाही. "बहिणीक नाल्यात ढकलतास," एवढंच म्हणाली.

प्रेमाने भांडण केलं नाही. एका सकाळी तिने दारातल्या दोन्ही सुबाभळी स्वतः कोयत्याने पाडल्या. पाला गेला तर बकरी कशाला, म्हणून बिजलीला पलीकडच्या गवळ्याकडे दिलं. बिजली जाताना ओरडत होती आणि प्रेमा दारात पाठ करून उभी होती. नंतर ती नळावर मालनला म्हणाली, "वयनी, गणपती झाले की मी लेकीकडे जातंय. दादाक सांग, रेघ पुसली तरी चलात."

मालनने सांगितलं. गुणाजीने विचार केला आणि म्हणाला, "झाडा तोडल्यान? म्हणजे पुरावो मोडल्यान!"

आषाढात मालनची तुळस वाळली. पूर्वी ती अंगणात असायची, पण बिजली येताजाता पानं ओरबाडायची म्हणून कुंडी व्हरांड्यात जाळीच्या आत आणली होती. मालनने पोत्याची सुतळी उसवली, त्यातली माती कुंडीत भरली आणि नवी मंजिरी टाकली. रोज सकाळी पाणी घातलं. एक दिवस गुणाजी चहा पीत बसला असताना त्याचं लक्ष गेलं. तुळशीच्या इवल्या रोपांभोवती सुबाभळीचे कोंब उभे होते. चांगले टरारलेले, मान वर करून.

कप खाली ठेवला तेव्हा चहा बशीत सांडला. जाळीच्या आत! म्हणजे शत्रू घरात होता. घरात माणसं दोनच, आणि त्यातला एक तो स्वतः.

"मालन!"

ती पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली. गुणाजी कुंडीकडे बोट दाखवून गेटवरच्या आवाजात म्हणाला, "ह्या काय? पेमेक मिळालंस?"

मालनने कुंडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तिला राग यायला हवा होता, पण त्याच्या पलीकडचं काहीतरी आलं. ती जवळच्या पाटावर बसली.

"म्हणजे आता मी एकलीच ऱ्हवलंय होतंय. बरा झाला, माझीपण झडती झाली. आता माका सांगा, ह्या जाळयेची चावी खय आसा?"

गुणाजीचा हात कमरेला गेला.

"आणि माती खयली?"

"पोत्यातली."

"पोत्याक सुतळी कोणी घातली?"

गुणाजीने चाव्यांचा जुडगा मुठीत धरला.

"भाजली कोणी?"

बाहेर कावळा ओरडत होता. गुणाजी कुंडीतल्या कोंबांकडे बघत राहिला. उकळत्या पाण्यात बुडवल्याबिगर ह्येका कोंब फुटणा नाय. कवच कठीण आसता म्हणान. ते त्याला असं ऐकू आलं की त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

पण गुणाजी परब तो! स्वतःवर तरी असा सहज विश्वास ठेवील? त्याने परसातून शेंगा वेचल्या, बिया सोलल्या. अर्ध्या उकळत्या पाण्यात घालून काढल्या, अर्ध्या तशाच ठेवल्या. दोन डबड्यांत ओल्या मातीत पेरून ती कंपनीच्या गेटवरच्या आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. चंद्रप्रकाशने विचारलं, काय आहे, तर सांगितलं नाही. काही दिवसांनी त्याने कपाट उघडलं. साध्या बियांचं डबडं मुकं होतं. उकळलेल्या बियांच्या डबड्यात कोंब उजेड शोधत कपाटाच्या फटीकडे वाकले होते.

म्हणजे मीठ, रॉकेल, हिंग, पहार हे सगळं करून झाल्यावर, मातीत निजलेल्या बियांना उठवायला त्याने स्वतः शेकोटी पेटवली होती. एक वर्ष नाही, दोन वर्षं. त्याला घरी जावंसं वाटेना. पाळी संपल्यावरही तो स्टुलावर बसून राहिला. लाज वाटली. बिजलीचं ओरडणं आठवलं आणि आणखी लाज वाटली.

गणपतीच्या आदल्या दिवशी त्या रानातूनही कशीबशी वाचलेली दोन तवशी मिळाली. एक माटवीला बांधून दुसरं घेऊन गुणाजी परसात गेला. जाताना पायाने चुन्याची रेघ पुसत गेला. पावसाने ती अर्धी आधीच गेली होती, तरी तो पाय घासत राहिला. प्रेमा ट्रंकेत लुगडी रचत होती.

"पेमे, तवसा घे."

आजवर भावाने काहीही पुढे केलं की प्रेमा आधी हात पुढे करी आणि मग विचारी. या वेळी ती हललीही नाही. तिने तवशाकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. "ह्या कित्या?"

"असाच."

"असाच तू काय देणस नाय, दादा. काय होया तुका?"

ही नजर गुणाजीने ओळखली. ती त्याचीच होती. "काय नको," तो म्हणाला. "चूक माझी. बी माझ्याच भाजावळीन उठली. मी बगितलंय. तू बरोबर सांगलंस होतंस. तू जाव नको. ह्या विटांचो बकरेक गोठो बांधुया. बिजलेक मी परत आणतंय. खोली तुजी, पेमे. तू मरेपर्यंत तुजी."

प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाजीला वाटलं, झालं, मिटलं. तिने पदराने डोळे पुसले. मग शांतपणे म्हणाली, "ऱ्हवतंय. पण दादा, लिवन दी."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती.

गुणाजी घरात गेला, कागद घेतला, चष्मा शोधला आणि लिहिलं. खाली सही केली. परत येऊन कागद तिच्या हातात दिला. प्रेमाला वाचता येत नव्हतं. ती उठून सरळ मालनकडे गेली. "वयनी, वाच. सगळा वाच, सोडू नको काय."

मालनने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रेमा एकेका शब्दावर कान देऊन उभी होती. एका ठिकाणी तिने थांबवलं, 'मरेपर्यंत' हा शब्द पुन्हा वाचून घेतला, मग म्हणाली, "पुढे." तेवढा वेळ गुणाजी हातात तवसं धरून पायरीखाली उभा राहिला. वाचून संपल्यावर प्रेमाने कागदाची घडी केली, कमरेला खोचली, आणि मग त्याच्या हातातलं तवसं घेतलं.